कार्बन फायबरच्या भागावर अवजार पडलं, वरून काहीच दिसत नाही. आतलं नुकसान अल्ट्रासॉनिक तपासणीत कळेल का?

हो, आतले थर सुटले असतील तर बहुधा कळेल. सुटलेल्या थरांमध्ये हवेची बारीक फट असते आणि ध्वनिलहर तिथून जवळजवळ पूर्ण परत फिरते. त्यामुळे मागच्या पृष्ठभागाचा प्रतिध्वनी क्षीण होतो किंवा नाहीसा होतो आणि त्याच्या आधीच नवा प्रतिध्वनी उमटतो. तो किती वेळात आला यावरून खोली काढता येते. सलग लॅमिनेटला (मध्ये गाभा नसलेल्या, थर चिकटवून बनवलेल्या भागाला) साधारण १ ते १० मेगाहर्ट्झचा प्रोब (ध्वनिलहर सोडणारं आणि टिपणारं उपकरण) चालतो, मध्ये जेल किंवा पाणी हवंच. फक्त माराच्या ठिपक्यापुरतं तपासू नका: नुकसान आत शंकूसारखं पसरत जातं, म्हणून चारही बाजूंनी निरोगी भाग लागेपर्यंत प्रोब फिरवा. हे टाळू नका, कारण वरून धड दिसणाऱ्या भागाचीही दाब सोसण्याची ताकद बरीच घटलेली असू शकते.

एक मर्यादा मात्र आहे. वरच्या सुटलेल्या थराच्या सावलीत खालचं नुकसान झाकलं जातं, तेव्हा शक्य असल्यास मागूनही तपासा. पृष्ठभागाला काटकोनात गेलेले तडे लहर सरळ आत सोडणाऱ्या प्रोबला सहसा सापडत नाहीत. आत मधाच्या पोळ्यासारखा गाभा असेल तर पद्धतच वेगळी लागते.