इंदूरला बायपासपलीकडे घर बांधतोय, तिथे ड्रेनेज लाइन नाही. सेप्टिक टँक स्वतः करू की ठेकेदाराला देऊ?

ठेकेदारालाच द्या, पण मापं आणि तपासणी स्वतःकडे ठेवा. साइटवर देखरेख करणं हेच माझं काम, म्हणून सांगतो: अडचण टाकीची नसते, माळव्याच्या काळ्या मातीची असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी जेमतेम मुरवते. म्हणून शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, आणि तेवढं खोल खणताना कडा ढासळतात. घरच्या दोन माणसांचं ते काम नव्हे.

आयएस 2470 (सेप्टिक टँकसाठीचं भारतीय मानक) नुसार एवढं पाहा:
- टाकीची रुंदी किमान 75 सेंमी, पाण्याची खोली किमान 1 मीटर, लांबी रुंदीच्या 2 ते 4 पट.
- शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब. बोअरिंगलाही तेवढंच अंतर ठेवा, शेजाऱ्याचं धरून!

आउटलेटला ‘टी’ (टी आकाराचा पाइपचा जोड) बसवलाय ना, हे झाकण घालण्याआधी डोळ्यांनी बघा; हमखास तोच वगळतात. शेवटचा हप्ता देण्याआधी टाकी पाण्याने भरून एक दिवस ठेवा, पातळी उतरली तर गळती आहे.

जागा मुरमाड असेल आणि टाकी रेडीमेड प्लास्टिकची, तर मात्र प्लंबर घेऊन स्वतः बसवता येते. फक्त बाहेर माती भरताना आत पाणीही भरत जा, नाहीतर टाकी चेपते.