भरतीच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. लांबलचक आहे, पण प्रश्न एवढाच की बारावीच्या वर्षात गांजा ओढायचास, ते अग्निवीर भरतीत सांगायचं की दाबायचं. भरतीच्या अकॅडमीतल्या कुणीतरी तुला सांगितलं, "कोण बघतंय, नाही म्हणून टाक." तो स्वतः भरती झालाय का, हे आधी विचार.

तू मित्रांसोबत ओढलास ही एक गोष्ट. तळ्यावरून तुम्हाला पोलिसांनी उचलून नेलं, ही दुसरी. आणि मैदानावर कुणी दिलं म्हणून इंजेक्शन घेतलंस, ही तिसरी. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि तू ती एकत्र कालवून स्वतःला घाबरवून घेतलंयस.

इंजेक्शनचं तू शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंस. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. पोरं ज्याला नुसतं 'स्टॅमिनाचं' म्हणतात ते बहुतेक वेळा मेफेंटरमाईन असतं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. धडधाकट पोरानं ते टोचून उन्हात १६०० मीटर पळायचं म्हणजे काय, याचा विचार कर. ते अँफेटामाईनच्या जातीतलं उत्तेजक आहे, म्हणजे नुसतं हृदयावर बेतत नाही, तपासणीतही सापडू शकतं. भरती रॅलीच्या नियमांत असल्या औषधांना बंदी आहे. हवाई दलाच्या जाहिरातीत तर वैद्यकीय तपासणीत नशेच्या आणि उत्तेजक पदार्थांसाठी लघवी तपासतात, हे छापलेलंच असतं. त्यामुळे याला 'पूर्वी घडलेलं' म्हणू नकोस. गेल्या महिन्यात घडलंय ते. आज बंद कर, आणि जो देतो त्याच्या शेजारी वॉर्मअपलाही उभा राहू नकोस. (कुठली वस्तू किती दिवसांत लघवीतून निघून जाते हेही तू विचारलंयस. त्याचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.)

आता पोलिसांचं. तू म्हणतोस, "सोडून दिलं होतं." सोडून दिलं म्हणजे नक्की काय केलं? नुसतं दटावून घरी पाठवलं, की सही घेतली, की कोर्टात उभं केलं? अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम २७ हे सेवनाचं आहे. गांजाला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरीच पोरं कोर्टात गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि घरी येऊन सांगतात, "मिटलं." ते मिटलेलं नसतं. कबूल करून दंड भरला म्हणजे कायद्याच्या भाषेत शिक्षा झाली. मग "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का" या रकान्यात 'नाही' लिहिलं की ते सरळ खोटं. म्हणून आधी खात्री कर. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं. तिथे काही दिसलं नाही तरी तालुक्याला एखाद्या फौजदारी वकिलाला गाठ, तो ठाण्यात चौकशी करून सांगेल. त्या वेळी तुझं वय अठराच्या आत होतं का, हेही त्याला आठवणीनं सांग. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अल्पवयीन मुलाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता सहसा लागत नाही, त्यामुळे तुझं गणित बदलू शकतं. पण हे वकिलानं कागद बघून ठरवायचं. माझ्या किंवा तुझ्या अंदाजावर फॉर्म भरायचा नाही.

खोटं उघडं पडलं तर काय, याबद्दल पोरांच्या डोक्यात फार तर 'काढून टाकतील' एवढंच असतं. १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४४ वाच. भरती होताना छापील फॉर्ममधल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं, तर कोर्टमार्शलमध्ये, म्हणजे लष्करी न्यायालयात, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अग्निवीरही याच कायद्याखाली येतो. आणि हे खोटं एकदा बोलून भागत नाही. अग्निवीराची मुदत चार वर्षांची, नंतर चारातला फार तर एकच जण पुढे राहतो. बाकीचे सीआरपीएफ, बीएसएफ नाहीतर आपल्या पोलीस भरतीच्या रांगेत. तिथे पुन्हा चारित्र्य पडताळणी, पुन्हा तोच रकाना. प्रत्येक वेळी तेच खोटं, त्याच चेहऱ्यानं लिहायचं.

खरं लिहिलं की दार बंदच, असंही नाही. २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की दिलेली माहिती खरी हवी. कोवळ्या वयातल्या किरकोळ प्रकरणाकडे नोकरी देणारा काणाडोळा करू शकतो, पण खरं सांगितलं म्हणून घेतलंच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर नाही. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला पटते. फॉर्ममध्ये जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगायचं बंधन आहे. म्हणजे रॅलीच्या गेटवरच्या हवालदाराला पकडून आपली सगळी कहाणी ऐकवायची नाही. काही पोरं प्रामाणिकपणाच्या भरात तेही करतात.

राहिला नुसता गांजा. गुन्हा नाही, उपचार नाहीत, सोडून दीड वर्ष झालं, असं तू लिहितोस. ते खरं असेल तर डॉक्टरनं विचारल्याशिवाय विषय काढू नकोस. विचारलं तर 'नाही' म्हणू नकोस. काय, कधी, किती दिवस, कधी सोडलं, एवढं सांगून गप्प बस. मित्रांना दोष नको, रडगाणं नको. आणि हे हिंदीत बोलायची तयारी कर. तिथे घाबरलेल्या पोराच्या तोंडून आधी "नहीं सर" निघतं आणि मग ते मागे घेता येत नाही. "सर, बारहवीं में कुछ महीने गांजा पिया था, डेढ़ साल से बंद है." दोन-चार वेळा मोठ्यानं म्हणून बघ. जीभ अडखळणार नाही.

यात निवड हुकू शकते. डॉक्टर अनफिट म्हणेल, मग रिव्ह्यू मेडिकलला, म्हणजे फेरतपासणीला, अर्ज करायचा. तिथेही नाहीच म्हणाले तर वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण कागदावर 'अनफिट' राहील, 'खोटारडा' राहणार नाही. या दोन शेऱ्यांत पुढच्या नोकऱ्यांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'दीड वर्ष' हा आकडा मला जरा गुळगुळीत वाटतोय, म्हणून विचारतो. पूर्ण बंद आहे ना? गणपतीत, यात्रेत, मित्राच्या वाढदिवसाला, कधीच नाही? नसेल तर या खेपेला फॉर्म भरू नकोस, वय शिल्लक आहे. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन कर, पैसे पडत नाहीत. किंवा पुण्याला मुक्तांगणमध्ये दाखवून ये, १९८६ पासून ते हेच काम करतायत. वर्षभरानं पुढच्या रॅलीला उभा राहा.

रविवारी सकाळी मैदानावर ये. शाळेचा दाखला, डोमिसाईल आणि पोलिसांनी तेव्हा काही कागद हातात दिला असेल तर तो, सगळं घेऊन ये. वकिलाची फी तुझ्या वडिलांना मागावी लागेल, म्हणजे त्यांना हे कळणारच. तू सांगणार असशील तर शनिवारपर्यंत सांग. जमत नसेल तर मी घरी येतो, पण बोलणार तूच. मी शेजारी बसेन.

तुझा,
मेजर काका