दुसऱ्या फिल्मची घाई करू नकोस रे

अरे पहिली फिल्म दोन फेस्टिव्हलला लागली म्हणून लगेच दुसरीचं शूट लावायचं, हे आधी डोक्यातून काढ. डायरेक्टर चैतन्य ताम्हाणेचं बघ ना, त्याचा पहिला सिनेमा कोर्ट २०१४ला व्हेनिस फेस्टिव्हलला गाजला आणि द डिसायपल आला थेट २०२०ला, तोही व्हेनिसच्या मेन कॉम्पिटिशनमध्ये, आणि पटकथेचं अवॉर्ड घेऊन आला.

तू एक कर, पाच-सहा जणांना घरी बसव आणि स्क्रिप्ट मोठ्याने वाचून दाखव. मी माझी वाचली तेव्हा चाळिसाव्या पानाच्या आसपास सगळे कपातल्या चहाकडे बघायला लागले, बोललं कोणीच नाही पण मला कळलं, तिथली अकरा पानं उडवली आणि फिल्म तिथेच सुधारली.

कोणालाही मेल करायच्या आधी स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनला, म्हणजे पटकथाकारांच्या संघटनेकडे, रजिस्टर करून टाक, ऑनलाइन होतं. मग नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलच्या वेळी फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) असतो त्याच्या को-प्रॉडक्शन मार्केटसाठी, म्हणजे जिथे फिल्मला प्रोड्युसर शोधतात, तयारी कर, म्हणजे सिनॉप्सिस, डायरेक्टरची नोट आणि खरं बजेट, फुगवलेलं नको. आणि पैशाचं तोंडी काही ठरवू नकोस, एका प्रोड्युसरच्या शब्दावर माझं दीड वर्ष गेलंय. नोटचा ड्राफ्ट झाला की पाठव, मी नक्की वाचतो.