‘हेवी फ्युएल’ म्हणजे जड इंधन का?

प्रश्न असा आला आहे: ड्रोनवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘लाइटवेट हेवी-फ्युएल इंजिन’ असा प्रयोग आढळला, त्याला ‘हलके जड-इंधन इंजिन’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते नाही. ‘हेवी वॉटर’साठी ‘जड पाणी’ रुळले, मग ‘जड इंधन’ का नको, असे वाटू शकते. पण जड पाणी हा एकच ठरलेला पदार्थ आहे. ‘हेवी फ्युएल’चा अर्थ बोलणाऱ्यागणिक बदलतो. जहाजवाल्यांच्या तोंडी ते म्हणजे काळे, दाट तेल, तापवून पातळ केल्याशिवाय न वापरता येणारे. ड्रोनवाल्यांच्या तोंडी मात्र जेट इंधन किंवा डिझेल. लिटरभर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम भरते, जेट इंधन ८०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हा जडपणा फक्त पेट्रोलच्या तुलनेत. आणि जेट इंधन तरी काय, काटेकोरपणे शुद्ध केलेले रॉकेलच.

सैन्याला ते हवे असते, कारण आघाडीवर पेट्रोलचा वेगळा साठा नको असतो. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८८ साली रणांगणावर एकच इंधन वापरण्याचे धोरण ठरवले. शिवाय आगीची भीती कमी: विमानवाहू जहाजांवरचे जेपी-५ हे जेट इंधन किमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ सोडत नाही. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही सोडते. अमेरिकेचे प्रिडेटर ड्रोन पेट्रोलवर उडायचे, पण म्हणूनच त्याच घराण्यातल्या ग्रे ईगल ड्रोनला मोटारीच्या डिझेल इंजिनावर बेतलेले इंजिन बसवले.

खरी अडचण वजनाची. रॉकेल ठिणगीने पेटवावे तर त्याची वाफ सहज होत नाही, ऑक्टेनही कमी, म्हणजे दाबाखाली ते अवेळी पेटते, त्यामुळे इंजिन ‘नॉकिंग’ (खडखड) करते. डिझेलसारखे दाबाने पेटवावे तर तो दाब सोसणारे भक्कम सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट लागतात, आणि वजन वाढते. नगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) वाहन प्रयोगशाळेने ‘तापस’ या ड्रोनसाठी १८० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन विकसित केले, तेही याच वाटेने.

म्हणून पहिल्या उल्लेखात ‘डिझेल किंवा जेट इंधनावर चालणारे, कमी वजनाचे इंजिन’ असे सविस्तर लिहावे आणि पुढे नुसते ‘डिझेल-केरोसिन इंजिन’. ‘रॉकेल’ हा शब्द मला मनापासून आवडतो, पण ज्या वाक्यात डिझेलही अभिप्रेत आहे तिथे तो अपुरा पडतो. ‘हलके इंजिन’ टाळाच, कारण ‘हलका माल’ म्हणजे निकृष्ट माल. ‘भारी इंधन’ही नको, भारी साडी म्हणतो तसा उंची इंधनाचा अर्थ त्यातून निघेल.