शुगर असलेल्या वडिलांचा एमपीव्ही १२.८, प्लेटलेट २.१ लाख, रक्त पातळ करायला ॲस्पिरिन सुरू करू का? (चोपडा)

नाही, एमपीव्हीच्या या एका आकड्यावरून ॲस्पिरिन सुरू करू नका; २.१ लाख प्लेटलेट नॉर्मल आहेत (१.५ ते ४.५ लाख). एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार. साखर सतत चढी राहिली की मोठ्या, ताज्या प्लेटलेट रक्तात जास्त येतात आणि त्या गुठळी करायला लवकर तयार होतात, म्हणून मधुमेहात हा आकडा थोडा वर असणं नेहमीचंच. पण आधी लॅबला विचारा: रक्त कधी काढलं आणि मशीनवर कधी लावलं? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) प्लेटलेट तासागणिक फुगतात. चोपड्याला सकाळी घेतलेलं सॅम्पल दुपारी जळगावला पोचलं, तर एमपीव्ही उगाच वाढलेला दिसतो. जिथे मशीन आहे तिथेच रक्त द्या, शक्यतो दोन तासांत तपासणी व्हावी. सोबत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), बीपी, लिपिड (रक्तातली चरबी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघा. हृदयाचा धोका त्यांवरून ठरवतात, एमपीव्हीवरून नाही. ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि पावसाळ्यात अंगात डेंग्यू असेल तर हा धोका आणखी वाढतो. मात्र वडिलांना पूर्वी हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल, स्टेंट बसवला असेल, तर डॉक्टरांनी दिलेली ७५ मिलिग्रॅमची गोळी स्वतःहून बंद करू नका.