दीड टनाचे दोन एसी असलेल्या कॅराव्हॅनला किती केव्हीएचा जनरेटर लागेल? गाडी परभणी-नांदेड भागात, ऐन मे महिन्यात फिरणार आहे.

एसी साधे (नॉन-इन्व्हर्टर) असतील तर साडेसात केव्हीए घ्या. दोन्ही इन्व्हर्टर एसी (ज्यांचा कॉम्प्रेसर झटका न देता हळूहळू वेग घेतो) असतील तर पाचवर भागतं, पण अगदी काठावर. लातूरकडे मंडप आणि शूटिंगच्या गाड्यांना जनरेटर भाड्याने देतो, त्यावरून सांगतोय. दीड टनाचा साधा एसी चालताना साधारण १.६ ते १.८ किलोवॅट खातो, म्हणजे दोघांचे साडेतीनच्या आसपास. पाच केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ४ किलोवॅट, तेव्हा कागदावर बसतं. घोळ होतो कॉम्प्रेसर सुरू होताना. त्या क्षणी तो नेहमीच्या तीन ते सहा पट करंट ओढतो. एक एसी चालू असताना दुसऱ्याने उचल घेतली की इंजिन दबतं, व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर सुरू न होता नुसता घूं-घूं करतो. त्यात आपल्याकडचा ४२-४३ अंशांचा उन्हाळा. एसी जास्त वीज खातो आणि नेमकं तेव्हाच इंजिन कमी ताकद देतं, म्हणून बेरजेवर २०-२५ टक्के जागा ठेवाच. दुकानदार मोठ्या अक्षरातला आकडा दाखवेल, तो बहुतेक वेळा कमाल असतो. सलग चालण्याचा, म्हणजे रेटेड आकडा विचारा.

हा हिशोब फक्त दोन एसींचा. फ्रीज, दिवे चालतील. मायक्रोवेव्ह किंवा गीझर त्याच वेळी लावणार असाल तर त्यांचे वॅट वेगळे मिळवा.