वाचकांचे प्रश्न : दशलक्षपट चूक, टीएमसी आणि परार्ध

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीत आहे. घटक चाचणीत पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गुरुत्व त्वरण काढण्याचे उदाहरण होते. तिने सूत्र बरोबर लिहिले, पुस्तकातल्याच किमती घातल्या, गुणाकार-भागाकारही चोख केला, तरी उत्तर ९.७७ ऐवजी ९.७७ × १०⁶ आले आणि पाचांपैकी दोनच गुण पडले. ‘एवढ्याशा घातांकासाठी एवढे गुण कापतात का?’ असे ती विचारते. मी शेतकरी माणूस आहे, त्यामुळे ही लेखनपद्धती मला परिचयाची नाही. तिला काय सांगावे? सोबत उत्तरपत्रिकेचे छायाचित्र पाठवत आहे.
— एक पालक, कराड तालुका

उत्तर : छायाचित्रामुळे चूक नेमकी सापडली. पृथ्वीची त्रिज्या लिहिताना तिने ‘६.४ × १०³’ असे लिहिले आहे. ६४०० या संख्येचे वैज्ञानिक लेखन म्हणून ते निर्दोष आहे. मात्र ते ६४०० किलोमीटर आहेत, हे त्या ओळीत कुठेच लिहिलेले नाही. पुढच्या चारही ओळींत एककाचा पत्ता नाही आणि अगदी शेवटी, उत्तराच्या उजवीकडे, ‘मीटर/सेकंद²’ एवढे आठवणीने जोडले आहे. वैश्विक गुरुत्व स्थिरांकाची ६.६७ × १०⁻¹¹ ही किंमत न्यूटन-मीटर²/किलोग्रॅम² या एककात असते, म्हणजे तिच्या पोटात मीटर आधीच बसलेला आहे. त्यामुळे त्रिज्याही मीटरमध्येच, म्हणजे ६.४ × १०⁶ मीटर अशी, घ्यावी लागते. तशी घेतली की अंशात (स्थिरांक गुणिले पृथ्वीचे वस्तुमान ६ × १०²⁴ किलोग्रॅम) ४०.०२ × १०¹³ आणि छेदात (त्रिज्येचा वर्ग) ४०.९६ × १०¹² येतात आणि उत्तर ९.७७ मीटर/सेकंद² मिळते.

आता कोणीही विचारील की किलोमीटरचे मीटर करताना फरक हजारपटीचा असतो, मग उत्तर दशलक्षपट कसे चुकले? सूत्रात त्रिज्येचा वर्ग आहे, म्हणून हजाराचाही वर्ग झाला. हे तुमच्या मुलीला समजावून देण्याचे साधन तुमच्याच घरात आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. तिला या गुंठ्याचे चौरस मीटर करायला सांगा. बहुतेक मुले १०८९ ला ०.३०४८ ने गुणून ३३२ च्या आसपास उत्तर आणतात. पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा हा आरपेक्षा जेमतेम चिमूटभर मोठा असतो, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. मग ३३२ कसे येईल? ३३ फुटांचे आधी १०.०६ मीटर करून त्याचा वर्ग केला, किंवा १०८९ ला ०.३०४८ ने दोनदा गुणले, की १०१.१७ चौरस मीटर हे खरे उत्तर येते. लांबीचे रूपांतर एकदा, क्षेत्रफळाचे दोनदा आणि घनफळाचे तीनदा करायचे असते. बांधावर उभे राहून ही गोष्ट एकदा पटली की ती सहसा विसरली जात नाही, असा माझा अनुभव आहे.

‘एवढासा घातांक’ या तक्रारीशी मात्र मी सहमत नाही. वैज्ञानिक लेखनात पुढचा आकडा नेहमी १ किंवा त्याहून मोठा, पण १० पेक्षा लहान असतो, म्हणून त्यात गडबड झाली तरी ती दहापटीच्या आतच राहते. संख्येचा खरा आवाका घातांकात असतो. तिच्या उत्तराप्रमाणे देठावरून सुटलेला आंबा एका सेकंदात ९,७७० किलोमीटर दर सेकंद एवढा वेग घेईल, आणि त्याच धड्यात पृथ्वीवरून सुटून जाण्यासाठी लागणारा मुक्तिवेग ११.२ किलोमीटर दर सेकंद दिलेला आहे. उत्तर आल्यावर अर्धा मिनिट थांबून ‘हे शक्य आहे का?’ असे स्वतःला विचारण्याची सवय शाळेत फारशी लावली जात नाही. त्यासाठीही दोन गुण ठेवावेत, असे मला अनेकदा वाटते.

उपाय साधा आहे. प्रत्येक ओळीत, प्रत्येक संख्येशेजारी तिचे एकक लिहावे आणि संख्यांप्रमाणेच एककांनाही छेद द्यावा. नववीत मुले ‘पाच छेद अठरा’ हा मंत्र पाठ करतात आणि परीक्षेत गुणायचे की भागायचे, इथे अडतात. महामार्गावर ताशी ५४ किलोमीटर वेगाने चाललेली एसटी घ्या. ५४ किलोमीटर प्रतितास याला १००० मीटर प्रतिकिलोमीटरने गुणले, की वरचा किलोमीटर खालच्या किलोमीटरने उडतो. त्याला ३६०० सेकंद प्रतितासने भागले, की तासही उडतो आणि १५ मीटर प्रतिसेकंद एवढेच शिल्लक राहते. चुकून भागण्याऐवजी गुणले असते, तर तास उडालाच नसता आणि उत्तरात ‘सेकंद प्रतितास प्रतितास’ असे काहीतरी विचित्र उरले असते. तुमच्या मुलीने त्रिज्येपुढे ‘किमी’ ही दोन अक्षरे लिहिली असती, तर छेद देताना मीटर आणि किलोमीटर समोरासमोर आले असते आणि चूक तिची तिलाच दिसली असती.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घातांक आणि एककांचे रूपांतर शिकवताना प्रकाशाचा वेग, अणूचा आकार ही उदाहरणे मुलांना परकी वाटतात. आपल्या भागातले एखादे उदाहरण सुचवाल का?
— एक शिक्षिका, तासगाव

उत्तर : पावसाळ्यात तुमच्या वर्गातली मुले रोज घरी जे ऐकतात, तेच वापरा. ‘कोयना धरणात इतके टीएमसी’, ‘इतक्या क्युसेकने विसर्ग’ आणि ‘(सांगलीत कृष्णेवरच्या) आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट’ या तीन वाक्यांवर दोन तासिका सहज निघतात.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे १०³ × १०⁶ = १०⁹ घनफूट. मराठी वर्तमानपत्रे ज्याला अब्ज घनफूट म्हणतात, तेच हे. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे, म्हणजे १.०५२५ × १०¹¹ घनफूट. फुटाचे मीटर तीनदा करायचे, म्हणून ०.३०४८ चा घन, सुमारे ०.०२८३, घ्यावा लागेल. त्याने गुणले की २.९८ × १०⁹ घनमीटर आणि लिटरमध्ये २.९८ × १०¹² मिळतात. ही संख्या एकदा पूर्ण शून्ये देऊन फळ्यावर लिहायला लावा. निम्म्या वर्गाची शून्ये कमी-जास्त होतील आणि घातांक कशासाठी, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. समजा, ५०,००० क्युसेकने पाणी सोडले आहे आणि ते दिवसभर तसेच चालू आहे. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. ५ × १०⁴ ला ८.६४ × १०⁴ ने गुणले की ४३.२ × १०⁸, म्हणजे ४.३२ × १०⁹ घनफूट येतात. धरण दिवसाला ४.३२ टीएमसी रिकामे होईल, मात्र वरून काहीच आवक नसेल तर. ४३.२ चे ४.३२ करताना घातांक एकाने वाढतो की कमी होतो, याचा गोंधळ नेमका इथे होतो. तेव्हा ‘डावीकडे सरकले की वाढवा’ असा नियम देऊ नका. पुढचा आकडा दहापटीने लहान केला, तर मूळ किंमत तीच राहण्यासाठी मागचा दहापटीने मोठा करावा लागतो, एवढेच विचारात घ्यायला लावा.

यानंतर एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारेल, की इतके क्युसेक सोडले तर सांगलीत पाणी किती फुटांनी चढेल? या प्रश्नाचे स्वागत करा, कारण त्याचे उत्तर कोणत्याही रूपांतराने निघत नाही. क्युसेक हा प्रवाहाचा दर आहे, टीएमसी हे घनफळ आहे आणि पुलाजवळचे फूट ही केवळ उंची आहे. एककांचे रूपांतर एकाच राशीच्या दोन मापांमध्ये होते, वेगवेगळ्या राशींमध्ये होत नाही. पाणी किती चढेल हे नदीच्या पात्राची रुंदी, मधल्या ओढ्या-नद्यांची आवक, हरिपूरला मिळणाऱ्या वारणेचे पाणी आणि पुढे पाण्याला मिळणारी वाट यांवर ठरते. महापुराच्या दिवसांत मोठी माणसेही या तीन आकड्यांची सरमिसळ करून नको तो अंदाज बांधतात, तेव्हा नववीतल्या मुलांना दोष का द्यावा? जाता जाता मुलांना हेही सांगा, की भारताने १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली. दुकानातला शेर गेला, पण पाण्याच्या हिशेबातला फूट अजून गेलेला नाही.

प्रश्न : आपल्याकडे अब्ज, खर्व, निखर्व अशी नावे असताना विद्यार्थ्यांना हे घातांक कशाला शिकवायचे?
— एक ज्येष्ठ वाचक, फलटण

उत्तर : ती नावे मलाही आवडतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने आहेत आणि परार्ध म्हणजे १०¹⁷. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ × १०²⁴ किलोग्रॅम, म्हणजे सहा कोटी परार्ध किलोग्रॅम, असे म्हणता येईल आणि ते ऐकायला झकासही वाटते. पण इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.१ × १०⁻³¹ किलोग्रॅम आहे आणि त्या बाजूला उतरणारी नावे या मालिकेत नाहीत. शिवाय नावांना गुणाकार येत नाही. लाख गुणिले कोटी किती, हे नावांकडे पाहून सुचत नाही. लाख म्हणजे १०⁵ आणि कोटी म्हणजे १०⁷ असे लिहिले, की ५ आणि ७ या घातांकांची बेरीज मात्र पाचवीतले मूलही बारा सांगते, आणि मग १०¹² ला महापद्म म्हणायला कोणाचीच हरकत नाही.